गादीचे दुखणे आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया : मावळातील रुग्णांसाठी एक आढावा

कमरेत पाच मणके असतात आणि प्रत्येकाच्या खाली एक गादी. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंच्या थरांचे असते, आतला गर मऊ आणि पाणीदार. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेला एवढा मोठा भाग दुसरा नाही. शेजारच्या हाडातून झिरपणाऱ्या रसावर गादीचे पोषण चालते, म्हणून ती लवकर झिजते आणि फाटली तर सावकाश सांधते. विशी ओलांडल्यावर तिच्यातले पाणी कमी होऊ लागते. पुढे कधीतरी कड्याला भेग पडते आणि गर मागच्या बाजूला सरकून बाहेर डोकावतो. तिथूनच पायाकडे जाणारी नस निघालेली असते. नुसत्या दाबाने ती बधिर होते. बाहेर आलेल्या गरातली रसायने तिला सुजवतात तेव्हा ती ठणकते. या दुखण्याला शहरात आणि गावात आता एकच नाव रुळले आहे, सायटिका.

कमरेच्या गाद्यांचे असे विकार शंभरात पंचाण्णव वेळा शेवटच्या दोन गाद्यांत होतात, कारण धडाचा भार आणि वाकण्याचा ताण तिथेच एकवटतो. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुटली तर पोटरीच्या बाहेरच्या अंगाने कळ अंगठ्यापर्यंत येते आणि अंगठा किंवा पाऊल वर उचलायला जोर येत नाही. त्याखालची गादी फुटली तर कळ टाचेत आणि करंगळीकडे उतरते आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे जमत नाही. कुठे दुखते हे रुग्णाने बोटाने नीट दाखवले तरी अनुभवी डॉक्टरला कोणती नस अडकली आहे याचा बराचसा अंदाज येतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण भीतीचे मूळ तिच्यात आहे. पाठीचे ऑपरेशन केले की माणूस लुळा पडतो, असे गावोगाव ऐकू येते. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरच संपतो. त्याखाली फक्त सुट्या नसांचा झुपका असतो. शेवटच्या दोन गाद्यांवर काम करणाऱ्या सर्जनची हत्यारे मज्जारज्जूच्या आसपासही जात नाहीत. नसेला इजा होऊ शकते, पण ती क्वचित, आणि एखाद्या नसेची इजा म्हणजे दोन्ही पाय जाणे नव्हे.

गादी का फुटते, याचे उत्तर मावळात सोपे वाटते. शिरगाव, सोमाटणे, गहुंजे या पट्ट्यात आषाढात कमरेत वाकून दिवसभर भातलावणी चालते. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत उचलठेव असते, आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून दुचाकीने रोज ये-जा करणारे हजारो आहेत. जड उचलणे, वाकून पीळ देणे, वाहनाचे सततचे हादरे आणि तंबाखूचा धूर यांचा गादीच्या विकाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण कामालाच सगळा दोष देता येत नाही. फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या मणक्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. एक भाऊ आयुष्यभर अंगमेहनतीचे काम करणारा आणि दुसरा बैठ्या कामाचा असला, तरी दोघांच्या गाद्यांच्या झिजेत फरक अपेक्षेपेक्षा फारच थोडा निघाला. रक्तातून आलेला वारसा कामापेक्षा मोठा ठरला. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन यांच्या गटाने शस्त्रक्रिया झालेल्या १८१ रुग्णांची बारकाईने तपासणी करून २०१३ मध्ये दाखवले की सुमारे ६५ टक्के रुग्णांत बिघाड गादीचे टोक हाडाला चिकटते त्या जोडावर झालेला होता. कडे मधोमध फाटल्याचे प्रमाण ११ टक्के एवढेच होते. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापलेले चित्र त्यामुळे बरेच बदलावे लागले.

बाहेर आलेला गर तिथेच राहतो असे मात्र नाही. शरीर त्याला परका समजून खाऊन टाकते. पाठीमागे नुसती फुगलेली गादी फारशी आत जात नाही, पण तुटून पूर्ण सुटा झालेला तुकडा बहुतेकदा विरघळतो. उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये काढलेल्या आकड्यांनुसार सुट्या तुकड्यांपैकी ९६ टक्के, बाहेर लोंबणाऱ्या गरापैकी ७० टक्के, मर्यादित उंचवट्यांपैकी ४१ टक्के आणि नुसत्या फुगवट्यापैकी १३ टक्केच आपोआप कमी होतात. एमआरआयवर जे चित्र सर्वांत भीतिदायक दिसते त्याचा शेवट पुष्कळदा सर्वांत चांगला होतो. सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांचा ठणका सहा ते बारा आठवड्यांत ओसरतो तो याच कारणाने. त्या काळात घेतलेल्या प्रत्येक उपायाला यशाचे श्रेय मिळते. उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेण्याची जुनी रीत महाराष्ट्रात आहे. तिच्यावर विश्वास ठेवणारे खोटे बोलत नाहीत, त्यांना खरोखरच बरे वाटलेले असते. हाडवैद्याची मालिश, कटिबस्ती, सुई, पट्टा आणि कित्येक महागडी इंजेक्शनेही याच वाऱ्यावर तरतात. यांतल्या एखाद्या उपायाने खरेच गुण येतो की काळाने, हे फक्त तुलना करून ठरते.

म्हणून निदानात घाई करून चालत नाही. पाय सरळ ठेवून वर उचलला की पायात कळ मारणे ही जुनी चाचणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते आणि आजही खाटेवर दोन मिनिटांत होते. एमआरआय त्यानंतरची गोष्ट आहे. १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता आणि २७ टक्क्यांच्या गादीला मर्यादित उंचवटा होता. ही माणसे धडधाकट होती. तेव्हा अहवालात 'बल्ज' किंवा 'प्रोट्रूजन' वाचून शस्त्रक्रियेची तारीख घेणे बरोबर नाही. पायातील कळ, तपासणीत दिसलेला कमकुवतपणा आणि एमआरआयवरची गादी या तिन्हींनी एकाच नसेकडे बोट दाखवले, तरच चाकूला अर्थ असतो. फक्त कंबर दुखत असेल आणि पायात काही नसेल, तर गादी काढून कंबरदुखी थांबत नाही. या दुखण्यातली सर्वाधिक निराशा याच चुकीच्या निवडीतून येते.

चाकूचा इतिहास फार जुना नाही. बर्लिनच्या ओपेनहाइम आणि क्राउझ यांनी एका रुग्णाच्या मणक्यातून काढलेल्या गाठीची नोंद १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. तो गादीचाच तुकडा होता, पण त्यांना ती कूर्चेची गाठ वाटली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मिक्सटर आणि बार यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मात्र सांगितले की सायटिकाला फुटलेली गादी जबाबदार असते आणि ती काढली की कळ थांबते. त्यांची शस्त्रक्रिया मोठी होती. मणक्याची मागची हाडाची कमान काढून आत शिरावे लागे. पुढच्या काही वर्षांत मेयो क्लिनिकच्या लव्ह यांनी दोन कमानींच्या मधल्या फटीतून जाऊन हाड वाचवण्याची पद्धत रुजवली. १९७७ मध्ये झुरिकचे यासारगिल आणि जर्मनीचे कास्पार यांनी एकमेकांपासून वेगळे काम करून शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप आणला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम्स यांनी तीच दिशा धरली. उजेड आणि मोठी प्रतिमा मिळाल्याने छेद तीन-चार सेंटिमीटरवर आला. ही मायक्रोडिसेक्टॉमी. आज कोणत्याही नव्या पद्धतीची तुलना तिच्याशीच करायची असते, कारण ती उत्तम चालते.

नव्या पद्धतींचा दावा एका गोष्टीवर उभा आहे. मायक्रोस्कोपच्या शस्त्रक्रियेतही मणक्याला चिकटलेला स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढावा लागतो. तो काही काळ दुखतो आणि पुढे थोडा कमकुवतही होऊ शकतो. स्नायू न सोडवता आत कसे जायचे, हाच या सगळ्या प्रयत्नांचा गाभा.

पहिले उत्तर नळीचे. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत फोली आणि स्मिथ यांनी ते रूढ केले. रुग्णाला पूर्ण भूल देऊन पालथे झोपवतात. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राने नेमका मणका पक्का करतात, कारण चुकीच्या पातळीवर ऑपरेशन होणे हा या विषयातला सर्वांत लाजिरवाणा अपघात. मध्यरेषेच्या कडेला दोनेक सेंटिमीटरचा छेद घेतात. त्यातून आधी बारीक, मग एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवतात. स्नायू कापला जात नाही, त्याचे तंतू बाजूला होतात. शेवटी १६ ते २२ मिलिमीटर रुंदीची एक स्थिर नळी टेबलाला पकडून बसवतात आणि मायक्रोस्कोप किंवा दुर्बीण लावून तिच्या तळाशी काम करतात. कमानीच्या कडेचे थोडे हाड घासतात, पिवळे बंधन उघडतात, नसेला अलगद बाजूला घेतात आणि सुटा तुकडा चिमट्याने काढतात. पूर्ण गादी काढली जात नाही, फक्त बाहेर आलेला आणि सैल असलेला भाग. तासाभराचे काम असते, आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. मुंबईत बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. अरविंद कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने केलेल्या १८८ रुग्णांचा अनुभव २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्समध्ये मांडला आहे. महाराष्ट्रातल्या रुग्णांवरच्या कामाची ही महत्त्वाची नोंद.

दुसरे उत्तर याहून बारीक आहे आणि त्याची गोष्ट अधिक रंजक आहे. १९७५ मध्ये टोकियोत हिजिकाता यांनी पाठीच्या बाजूने नळी घालून गादीतला गर बाहेर काढण्याचा मार्ग दाखवला. फिलाडेल्फियाचे परवीज कांबिन यांनी या बाजूच्या वाटेतला सुरक्षित त्रिकोण आखून दिला. वरून तिरपी जाणारी नस, खालच्या मणक्याची वरची कड आणि आतली आवरणे यांच्यामधली ही जागा आज 'कांबिनचा त्रिकोण' म्हणून ओळखली जाते. अ‍ॅरिझोनाचे अँथनी यंग यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यातून दुर्बिणीने काम करण्याची संपूर्ण साधने विकसित केली. आता छेद सात-आठ मिलिमीटरचा असतो. मध्यरेषेपासून आठ ते चौदा सेंटिमीटर बाजूला, रुग्णाच्या अंगकाठीप्रमाणे, सुई घालतात. मग सुईवरून नळी, नळीतून दुर्बीण. सतत मिठाचे पाणी सोडत राहिल्याने पडद्यावर चित्र स्वच्छ राहते आणि रक्तस्राव कमी होतो.

या पद्धतीची खरी खुबी भुलीत आहे. पूर्ण भूल न देता जागा बधिर करून आणि थोडी गुंगी देऊन ती करता येते. रुग्ण जागा असतो. हत्यार नसेला लागले तर तो लगेच सांगतो. वृद्ध, हृदयरोगी, मधुमेही अशा रुग्णांना पूर्ण भूल टाळण्याचा हा फायदा मोठा आहे, आणि या पद्धतीचा प्रचार करताना छेदाच्या लांबीपेक्षा यावर जास्त बोलायला हवे. पुण्यातील डॉ. सतीशचंद्र गोरे यांनी अशाच प्रकारे, रुग्ण जागा असताना दुर्बिणीने काम करण्याचा आग्रह धरला आहे आणि त्यावर लेखनही केले आहे. मात्र सगळ्यात खालच्या गादीत कमरेच्या हाडाचा उंच काठ आडवा येतो. तिथे पाठीमागून, दोन कमानींच्या फटीतून दुर्बीण घालण्याचा वेगळा मार्ग घ्यावा लागतो. अलीकडे कोरियात लोकप्रिय झालेली दोन छिद्रांची पद्धत, एकातून दुर्बीण आणि दुसऱ्यातून हत्यार, भारतातही शिकली जात आहे. तिला नेहमीची हत्यारे चालतात, म्हणून साधनांचा खर्च तुलनेने कमी पडतो.

सुईनेच काम भागवण्याच्या पद्धतींचा उल्लेख थोडक्यात पुरे. पपईच्या चिकापासून काढलेले कायमोपॅपेन १९६० च्या दशकापासून गादीत टोचले जाई. क्वचित होणाऱ्या गंभीर प्रतिक्रियांमुळे आणि उत्पादन थांबल्यामुळे ते मागे पडले. लेसरने गर जाळणे, रेडिओलहरींनी आक्रसणे, ओझोन भरणे या पद्धती फक्त आतच दबलेल्या, कडे न फुटलेल्या गादीसाठी आहेत. सुटा तुकडा बाहेर पडला असेल तर त्यांचा उपयोग होत नाही. त्यांच्या बाजूचा पुरावा मायक्रोडिसेक्टॉमीच्या पुराव्याच्या जवळपासही नाही, आणि 'दहा मिनिटांत लेसरने मुक्ती' अशी पाटी वाचून पैसे भरणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

आता मुख्य प्रश्न. लहान छेदाने शेवटी अधिक बरे वाटते का? नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर नळीची पद्धत आणि साधी मायक्रोडिसेक्टॉमी यांची तुलना झाली आणि ती २००९ मध्ये जामा या नियतकालिकात आली. वर्षाअखेर चांगले बरे झालेल्यांचे प्रमाण नळीच्या गटात ६९ टक्के आणि नेहमीच्या गटात ७९ टक्के होते. नळीवाले मागेच राहिले. दुर्बिणीच्या पद्धतीची बातमी अधिक चांगली आहे. रूटेन यांनी २००८ मध्ये जर्मनीतून दोन वर्षे पाठपुरावा केलेल्या १७८ रुग्णांत निकाल मायक्रोस्कोपइतकेच चांगले मिळाल्याचे आणि कामावर परतणे लवकर झाल्याचे सांगितले. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या डच चाचणीत ६१३ रुग्णांत बाजूच्या दुर्बिणीची शस्त्रक्रिया उघड्या मायक्रोडिसेक्टॉमीपेक्षा कमी ठरली नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्याने २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष संयमी होता. लहान छेदाच्या पद्धतींमध्ये पायाच्या कळेत फारसा फायदा नाही, उलट थोडे कमीच असू शकते, आणि फरक बहुतेक लहान आहेत. एकूण पाहता लहान छेदाने पहिल्या काही आठवड्यांचा त्रास कमी होऊ शकतो आणि रुग्ण लवकर घरी जाऊ शकतो. वर्षभरानंतर बहुतेक तुलनांत पद्धतींचे निकाल जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रिया न करणे यांची तुलना त्याहून शिकवणारी आहे. नॉर्वेचे वेबर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निर्णय संदिग्ध असलेल्या १२६ रुग्णांत शस्त्रक्रियावाले एका वर्षाअखेरीस पुढे होते, चार वर्षांत फरक कमी झाला आणि दहा वर्षांनी उरला नाही. २००६ चा अमेरिकन 'स्पोर्ट' अभ्यास ५०१ रुग्णांवर होता, पण दोन्ही गटांतले लोक इतके अदलाबदली करत गेले की निकाल वाचणे कठीण झाले. २००७ च्या डच अभ्यासात ६ ते १२ आठवडे सायटिका असलेल्या २८३ रुग्णांना दोन गटांत विभागले. लवकर शस्त्रक्रिया झालेले सरासरी चार आठवड्यांत बरे वाटू लागल्याचे सांगत होते, थांबलेले बारा आठवड्यांत. वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे होते, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे निवड खरे तर आठ आठवड्यांच्या वेदनेची आहे. हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. रोज दहा तास टेम्पो चालवून घर चालवणाऱ्याचे उत्तर आणि निवृत्त शिक्षकाचे उत्तर सारखे येणार नाही. मात्र सहा महिने किंवा अधिक काळ थांबूनही कळ तशीच असेल तर वाट पाहत बसण्यात अर्थ उरत नाही. चार ते बारा महिने दुखणाऱ्या १२८ रुग्णांवर कॅनडात झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी शस्त्रक्रियावाल्यांची पायाची वेदना दहापैकी २.८ आणि इतरांची ५.२ होती.

धोके आहेतच, छेद केवढाही असो. नसांच्या पिशवीला छिद्र पडणे, संसर्ग, नसेला इजा, रक्ताची गुठळी, आणि सर्वांत नित्याचा म्हणजे त्याच गादीतून पुन्हा गर येणे. पुन्हा येण्याचे प्रमाण साधारण शंभरात पाच ते पंधरा. सर्जन कॅरॅगी यांनी २००३ मध्ये दाखवलेला फरक रुग्णाने ऐकण्यासारखा आहे. कड्याची भेग लहान आणि तुकडा सुटा असेल तेव्हा पुनरावृत्ती एक टक्का. भेग मोठी असेल तेव्हा २७ टक्के. सुटा तुकडा न सापडता नुसती फुगलेली गादी काढली तेव्हा ३८ टक्के रुग्णांत सायटिका पुन्हा आली किंवा तशीच राहिली.  दुर्बिणीच्या पद्धतीत सर्जनला शिकायला बराच काळ लागतो, हेही एक सत्य. सुरुवातीच्या रुग्णांत तुकडा मागे राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणून कोणती पद्धत, यापेक्षा हा सर्जन ती किती वर्षे आणि किती वेळा करतो, हा प्रश्न जास्त उपयोगाचा. तो विचारायला संकोच करू नये.

महाराष्ट्रात मणक्याच्या शस्त्रक्रियेची परंपरा मुंबईत घडली. गोव्यात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे शिकलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग नावारूपाला आणला आणि दोन मणके सांधण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रसार केला. त्यांचे कार्य सांगणारे आत्मकथन 'ताठ कणा' मराठीत वाचले गेले आहे. डॉ. शेखर भोजराज यांनी स्थापन केलेल्या 'द स्पाइन फाउंडेशन'ने दुसरी बाजू धरली. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेबरोबर त्यांच्या गटाने खेड्यातल्या माणसाचे मणके तपासण्याचे आणि गरज असेल तिथे शस्त्रक्रिया करण्याचे काम केले. दुर्गम भागात डॉक्टर पोहोचला तर औषधांच्या, व्यायामाच्या आणि योग्य निवडीच्या जोरावर बहुतेकांना ऑपरेशनशिवाय सोडता येते, हा त्या कामाचा धडा.

शिरगाव हे प्रतिशिर्डीच्या साईमंदिरामुळे ओळखले जाणारे गाव. इथल्या रुग्णाचा भूगोल मावळातल्या बहुतेकांपेक्षा सोयीचा आहे. सोमाटणे फाट्याहून पुणे आणि मुंबई दोन्हींकडे रस्ते फुटतात. तळेगाव दाभाडे येथे एमआयएमईआर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, चिंचवडला आदित्य बिर्ला रुग्णालय, आणि पुण्यात ससून व संचेती. लोणावळ्याकडे कैवल्यधाम, १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी उभारलेली संस्था, योगोपचारांसाठी प्रसिद्ध आहे. ठणका उतरल्यानंतर कमरेच्या आणि पोटाच्या स्नायूंना बळ देण्यासाठी असे देखरेखीखालचे शिक्षण उपयोगी पडते. तीव्र ठणक्यात पुढे वाकण्याची आसने मात्र स्वतःहून करू नयेत. खर्चासाठी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी योजना आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि राज्यातल्या सर्व रहिवाशांना ती देण्याचा निर्णय झाला. कोणते उपचार बसतात आणि कोणत्या रुग्णालयात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी समजून घ्यावे.

ऑपरेशननंतर पलंगावर महिनाभर पडून राहण्याचा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. पायाची कळ बहुधा लगेच थांबते. बधिरपणा सावकाश जातो, काहीसा मागेही राहतो, आणि अशक्त झालेला स्नायू भरून यायला महिने लागतात. कॅरॅगी यांनी १९९० च्या दशकात रुग्णांवर कोणतेही कडक बंधन घातले नाही तेव्हा ते कामावर लवकर परतले आणि गर पुन्हा येण्याचे प्रमाण वाढले नाही, असे दाखवले. तरी वाकून जड उचलणे आणि खड्ड्यांतून दुचाकी चालवणे सुरुवातीचे काही आठवडे टाळणे शहाणपणाचे. लावणीच्या हंगामात आषाढातच ऑपरेशन ठरत असेल, तर तातडीचे कारण नसल्यास ते पुढे ढकलणे किंवा हंगामात मजूर लावणे यांतले काय परवडते, हे घरच्यांनी आधीच ठरवावे.

या सगळ्या थांबा-पाहण्याला एक अपवाद आहे. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावर ताबा सुटणे, दोन्ही पायांत एकाच वेळी कळ वा अशक्तपणा अशी चिन्हे दिसली तर मोठा तुकडा नसांच्या संपूर्ण झुपक्यावर दाबत असतो. हे काही तासांचे काम आहे. ४८ तासांच्या आत दाब काढला तर ताबा परत येण्याची शक्यता जास्त, त्यानंतर ती झपाट्याने घटते. पाऊल वेगाने लोंबकळू लागले तरी दिवस घालवू नयेत. इथे छेदाच्या लांबीचा वाद नाही. ज्या रुग्णालयात एमआरआय आणि मणक्याचा सर्जन त्या क्षणी उपलब्ध असेल तिथे, उघडी शस्त्रक्रियाही बरी. शिरगावच्या रुग्णाने अशा रात्री हाडवैद्याकडे जाऊ नये किंवा सकाळची वाट पाहत थांबू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट पिंपरी-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचावे.